स्टिअरिंग येतं, भाडं शिकायचं आहे

पत्राचा सारांश : लांजा तालुक्यातल्या एका फौजी वाचकांचं पत्र आहे. वय ४१. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये एमटी ड्रायव्हर म्हणून बावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी लेह-लडाखच्या बाजूला. येत्या ३१ डिसेंबरला हवालदार म्हणून पेन्शन येणार. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. गावी पत्नी आणि आई. कराडकडे राहणाऱ्या मेहुण्यांनी त्यांना २०१६ची एक दहा टायरी गाडी दाखवली आहे, किंमत सोळा लाख. आठ लाख कम्युटेशनमधून (पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी मिळतो त्यातून) घालायचे आणि आठ लाखांचं कर्ज काढायचं, असा बेत ठरत आला आहे. पत्नीचा विरोध आहे. ते लिहितात, "खारदुंग-ला खिंडीतून गाडी उतरवलेल्या माणसाला आंबा घाट काय जड जाणार? दुसरं काही काम मला येत नाही आणि घरी बसून राहणं जमणार नाही. बायको म्हणते, बावीस वर्षं वाट बघितली, आता पुन्हा रस्त्यावर? तिला कसं समजवावं आणि तयारी काय करावी, ते सांगा."

---

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात प्रश्न दोन आहेत आणि उत्तर मात्र तुम्ही एकच मागितलं आहे. तयारी काय करायची, हा एक. पत्नीला कसं समजवायचं, हा दुसरा. दुसऱ्याकडे मी नंतर येते, कारण तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

मी लग्नानंतर अकरा वर्षं चिपळूणला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते. बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडल्या, ड्रायव्हरांचे ॲडव्हान्स दिले, महिनाअखेरीला गाडीमालकांचे हिशेब लिहिले. गाडी चालवता येत नाही म्हणून बुडालेला मालक मी त्या अकरा वर्षांत पाहिला नाही. जे बुडाले ते सगळे हिशेबात बुडाले. त्यातले काही तर नावाजलेले ड्रायव्हर होते.

म्हणून तुमच्या "आंबा घाट काय जड जाणार" या वाक्यावर मी थांबले. घाट जड जाणार नाही, हे मला मान्य आहे. पण फौजेत तुमच्या गाडीत कोणता माल भरायचा हे दुसऱ्याने ठरवलं होतं. वजन नेमून दिलेलं होतं, डिझेल मिळत होतं, बिघाड झाला तर मागे वर्कशॉप होतं, आणि परतताना गाडी रिकामी आली तरी तुमच्या पगारातला रुपया कमी होत नव्हता. इथे यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या खिशातून जाणार आहे. ड्रायव्हर तुम्ही पक्के आहात. मालक म्हणून मात्र तुम्ही अजून रिक्रूट आहात, आणि रिक्रूटने ट्रेनिंगच्या आधी आठ लाख घालू नयेत.

आता कोकणातल्या गाडीचं वर्ष कसं जातं ते सांगते, कारण मेहुणे घाटावरचे आहेत आणि त्यांचा हिशेब तिकडचा असणार. आपल्याकडे मार्चपासून मे अखेरपर्यंत हापूस असतो. पेट्या वाशीच्या बाजार समितीत पोचवायला गाड्या अपुऱ्या पडतात आणि भाडंही बरं मिळतं. मग जून लागतो. आंबा संपतो. जांभ्या दगडाच्या चिरेखाणी बंद होतात, बांधकामं थांबतात, म्हणजे चिरा, वाळू, सिमेंट सगळंच मंदावतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराची मासळीही नाही. पुढे गणपती येतात, आणि त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी घालतात. खरी सुरुवात दसऱ्यानंतर. वर्षातले चार महिने गाडी अर्धवट चालणार हे धरूनच चालायचं.

आठ लाखांचं कर्ज चार वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता महिन्याला सुमारे २१ हजार बसतो. पावसाचे चार महिने म्हणजे ८४ हजार, आणि ते गाडी पुरती कमावत नसताना भरायचे. शिवाय विमा, टॅक्स, पासिंग. गाडी आठ वर्षांच्या पुढची असली की फिटनेस दरवर्षी करून घ्यावा लागतो. दहा टायर बदलायची वेळ आली की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट परतीच्या भाड्याची. कोकणात बाहेरून जेवढा माल येतो, तेवढा इथून बाहेर जात नाही. किराणा, सिमेंट, लोखंड, खत, भाजी सगळं वरून आणि मुंबईकडून उतरतं. कोल्हापूर-कराडच्या गाड्या इथे भरून येतात आणि रिकामं परत जाण्यापेक्षा पडेल भावात चिरा नाहीतर मिळेल तो माल उचलून घाट चढतात. त्यांचं जाण्याचं भाडं सुटलेलं असतं, परतीला डिझेलपुरते मिळाले तरी त्यांना पुरतात. इथल्या मालकाची तर ती पहिलीच फेरी असते आणि त्याला त्या भावाशी स्पर्धा करावी लागते. ऑफिसात बसून मी हे रोज पाहत होते. "ताई, परतीचं काही आहे का?" हा प्रश्न दिवसातून वीस वेळा यायचा, आणि वीसपैकी पंधरांना मी नाही म्हणायचे.

एक फेरी कागदावर मांडून पाहा. लांजा ते वाशी जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या आसपास. गाडीने लिटरला चार दिले तर १७५ लिटर लागेल. डिझेल ९० रुपये धरलं तर १५,७५० रुपये झाले. त्यात टोल, दोघांचा भत्ता, वाराई (माल भरण्या-उतरवण्याची मजुरी), टायरची झीज आणि हप्त्याचा त्या दोन-तीन दिवसांचा वाटा मिळवा. मग आंबा बागायतदाराला किंवा ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा की भाडं किती देता, आणि त्यातलं हातात लगेच किती. बहुतेक ठिकाणी काही ॲडव्हान्स मिळतो, बाकी रक्कम पोच पावती आल्यावर, तीही महिना-दीड महिन्याने. तोवर पुढच्या फेरीचं डिझेल तुमच्या पैशाने. या मधल्या काळासाठी निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर चांगली चालणारी गाडीही उभी राहते.

तुमच्या कम्युटेशनबद्दल मला काळजी वाटते. त्याला "मिळणारे पैसे" म्हणू नका. ती तुमचीच पुढची पेन्शन आहे, आज एकरकमी उचललेली. तेवढी कपात दरमहा होत राहणार आणि पूर्ण पेन्शन पंधरा वर्षांनी परत सुरू होणार, म्हणजे तुमचं वय तेव्हा छप्पन्न-सत्तावन्न. मुलगी दहावीत आहे. तिचं पुढचं शिक्षण, आईचं आजारपण, घराची डागडुजी हे सगळं याच पंधरा वर्षांत येणार. तो पैसा जुन्या गाडीत घातला आणि गाडी वाशिष्ठी नदीच्या पाण्यात गेली तर?

हे मी उगीच म्हणत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा उभ्या गाड्या केबिनपर्यंत बुडाल्या. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा होता त्यांना काही मिळालं नाही. पूर्ण विमा असलेल्यांपैकीही काहींनी पाणी ओसरल्यावर घाईने सेल्फ मारला, आत पाणी होतंच, इंजिन फुटलं आणि दाव्यात अडचण आली. गाडी पाण्यात सापडली तर चावी लावायची नाही, फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि टो करून न्यायची. आपल्याकडच्या कुठल्याही गाडीवाल्याने हे पाठ करून ठेवावं, मग त्याची रिक्षा असो की ट्रेलर.

आता तयारीचं. पहिलं काम सुट्टीत असतानाच करा. फौजेचं लायसन्स फौजेच्या गाड्यांपुरतंच चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८मध्ये हे स्पष्ट आहे, आणि तरीही पेन्शन आल्यावर त्याच लायसन्सवर ट्रक चालवू पाहणारे लोक मला भेटले आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्स बघते. पण त्याच कायद्याच्या कलम ९मध्ये तुमच्या फायद्याची सोय आहे : ज्या वर्गाच्या गाडीचं फौजी लायसन्स तुमच्याकडे आहे, त्या वर्गासाठी पुन्हा चाचणीची गरज नाही. म्हणून युनिटमधून लायसन्सची प्रमाणित प्रत आणि कोणत्या वर्गाच्या गाड्या किती वर्षं चालवल्या याचा दाखला, दोन्ही डिस्चार्जच्या आधी घ्या. नंतर पत्रव्यवहार करत बसण्यात महिने जातात. हे घेऊन रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात जा, वैद्यकीय दाखल्याचा फॉर्म १-अ जोडा. परिवहन लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं. डोळे आणि कान आधीच तपासून घ्या. उंचीवरच्या थंडीत आणि इंजिनाच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचे कान कमी झालेले असतात आणि ते त्यांना स्वतःला कळत नाही.

लोटे आणि महाड इथल्या रासायनिक वसाहतींमुळे आपल्याकडे टँकर चालवणाऱ्यांना काम असतं. त्यासाठी धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते, आणि ते लायसन्स तीन वर्षांचंच असतं. तुमच्यासारख्या शिस्तीच्या माणसाने हे प्रशिक्षण जरूर घ्यावं. या कामात घाई करणारा ड्रायव्हर कोणालाच नको असतो.

सेवेच्या शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयातर्फे, म्हणजे डीजीआरतर्फे, कोर्स असतात. नाव दिलंत का? दिलं नसेल तर उद्या ॲडज्युटंटकडे चौकशी करा. ड्रायव्हिंगचा कोर्स घेऊ नका, ते तुम्हाला येतं. वाहतूक व्यवस्थापन, लॉजिस्टिक्स, हिशेब यांतलं जे मिळेल ते घ्या. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद; त्याची मुदत अंतरावर कशी ठरते, त्याच्या पार्ट-बीमध्ये गाडी नंबर कोणी भरायचा, मुदत संपली तर दंड कोणाच्या गळ्यात पडतो, हे आजच्या वाहतुकीत ब्रेक-क्लचइतकंच लागतं. २०१८पासून हे आलं आणि जुने जुने मालक त्यात अडखळले.

गाडीही बदलली आहे. तुम्ही ज्या फौजी स्टॅलियन गाड्या चालवल्या, त्या बिघडल्या तर पाना घेऊन रस्त्यात उघडता येत होत्या. एप्रिल २०२०नंतरच्या, नव्या प्रदूषण नियमांच्या बीएस-सिक्स गाड्यांत सेन्सर आहेत, धूर स्वच्छ करणारं ॲडब्लू नावाचं द्रव भरावं लागतं, आणि दिवा लागला की लॅपटॉप जोडल्याशिवाय मेकॅनिकही काही बोलत नाही. नव्या गाडीची ओळख होण्यासाठी तिच्यावर दुसऱ्याच्या पदरी काही महिने काढणं हाच स्वस्त मार्ग आहे.

म्हणून माझं मत असं : पहिलं वर्ष गाडी घ्यायची नाही. जानेवारीत घरी या, फेब्रुवारी घरात घालवा, आणि मुलीची परीक्षा संपली की मे अखेरपर्यंत एखाद्या चांगल्या मालकाच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर म्हणून आंब्याच्या फेऱ्या करा. हवालदार होतो आणि आता दुसऱ्याचा ड्रायव्हर होऊ का, असं मनात येईल. येऊ दे. फौजेत गाडीच्या रोजच्या नोंदीचं वर्क टिकट असतं तशी एक वही ठेवा आणि प्रत्येक फेरीचं भाडं, डिझेल, थांबलेले तास, वाराई, परतीचा माल, पैसे कधी मिळाले, हे सगळं लिहा. बाजार समितीत गाडी खाली व्हायला किती वेळ लागतो, कोणता दलाल पैसे वेळेवर देतो, कोणाचा फोन लागत नाही, हे मालक कधी सांगत नाहीत. ड्रायव्हरला आपोआप कळतं.

त्यानंतरही स्वतःची गाडी हवीच असेल तर दहा टायरीपासून सुरुवात का? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ला निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. एक पिकअप घेतली तर लांजा, राजापूर, रत्नागिरी एवढ्यात काजू, आंबा, किराणा, मासळीचा बर्फ फिरत राहतो, रात्री घरी येता येतं, आणि तुम्ही आजारी पडलात तर पोरगा मोठा झाल्यावर किंवा शेजारचा कोणीही ती चालवू शकतो. कमाई कमी, पण पावसात हप्ता छातीवर बसत नाही.

आणखी एक वाट तुमच्या पत्रात नाहीच, आणि मला वाटतं तीच तुमची खरी ताकद आहे. हवालदार म्हणून तुम्ही फक्त गाडी चालवली का? कॉन्वॉय लावला असेल, फर्स्ट परेडला पोरांच्या गाड्या तपासल्या असतील, कोणाला झोप झालेली नाही हे चेहऱ्यावरून ओळखलं असेल. उरणच्या बंदरातून कंटेनर नेणाऱ्या कंपन्यांना, जयगडच्या बाजूला, लोट्याच्या कारखान्यांना गाड्यांच्या ताफ्यावर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. चालवणारे मिळतात, सकाळी सहाला तीस गाड्यांचे ब्रेक, टायर, कागद स्वतः बघणारा माणूस मिळत नाही. "दुसरं काही काम मला येत नाही" हे वाक्य पत्रातून खोडून टाका, भाऊ. बावीस वर्षांत तुम्हाला जे जमलं त्यातलं निम्मं तुम्ही मोजलंच नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवताना "ड्रायव्हर" एवढंच लिहू नका.

ती मेहुण्यांची गाडी. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी पाहिलेली नाही. पण कधीही जुनी गाडी घ्याल तेव्हा ईएमईतला, म्हणजे फौजेच्या वर्कशॉपमधला, एखादा सोबती बरोबर न्या, भरलेल्या गाडीने घाट चढून पाहा, कर्जाचा बोजा उतरला आहे का, टॅक्स आणि ई-चलनं थकली आहेत का हे नंबर टाकून बघा. आणि पहिला मालक तिच्यात किती भरायचा ते विचारा. चिरा वाहिलेल्या गाड्या बहुधा मर्यादेबाहेर भरलेल्या असतात, चासी ते लपवत नाही. तुम्हालाही तो मोह होईल, कारण परवानगीइतकं भरून भाडं परवडत नाही असं सगळे सांगतात. कायद्यात दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे. दंड भरता येतो. कुंभार्ली घाट उतरताना तापलेल्या ब्रेकचं काय करायचं? लडाखमध्ये तुम्ही सुखरूप उतरलात ते हुशारीने, तसंच वजन नेमून दिलेलं होतं म्हणूनही.

आता घरातला प्रश्न.

"तिला कसं समजवावं" असं तुम्ही लिहिलं आहे. तिला काय म्हणायचं आहे हे तुम्ही विचारलंत का? आपल्या कोकणात बाईने वाट बघणं इतकं जुनं आहे की ते कोणाला कामच वाटत नाही. घरातला पुरुष मुंबईला गिरणीत, बोटीवर, आखातात, नाहीतर फौजेत. महाडजवळच्या फौजी आंबवड्याची ओळखच घराघरातले सैनिक ही आहे, आणि त्या प्रत्येक घरात मागे राहून शेती, सासू, शाळा, पावसात गळणारं छप्पर सांभाळणारी कोणीतरी होती. तुमच्या पत्नीने बावीस वर्षं एकटीने घर चालवलं. तुम्ही रजेवर आलात की घर दोन महिने पाहुण्याभोवती फिरलं आणि तुम्ही गेलात की पुन्हा तिच्यावर आलं. तिच्या "पुन्हा रस्त्यावर?" या दोन शब्दांत मला हट्ट ऐकू येत नाही. तिला भीती आहे की मुलं मोठी होऊन निघून जातील आणि तुमची-तिची भेट राहूनच जाईल.

तुम्ही मात्र घरी असणं आणि घरी बसणं हे एकच धरलं आहे. ते का, हे मला समजतं. सकाळी पाचला उठून कोणाचीच शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा माणूस घाबरतो. माझ्या माहेरी शेजारचे एक सुभेदारकाका पेन्शन आल्यावर वर्षभर रोज बूट पॉलिश करायचे आणि कुठेच जायचे नाहीत. त्या रिकामपणावर गाडी हा उपाय वाटणं स्वाभाविक आहे. पण रिकामपण भरायला सोळा लाखांची गाडी घेतली, की ती गाडी घराला किती दिवस पुरते, हा हिशेब मागे पडतो.

तिच्याजवळ बसा, एक कॅलेंडर मध्ये ठेवा आणि महिन्यातल्या किती रात्री बाहेर चालतील हे तिला लिहू द्या. दहा म्हणाली तर लांब पल्ल्याचा ट्रेलर बाद, पिकअप किंवा कारखान्यातली नोकरी उरते. पंधरा म्हणाली तर वाशीच्या फेऱ्या बसतात. आकडा तिचा असू दे. मुलीची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. त्या दिवसांत तुम्ही घरी असणं तिला आयुष्यभर लक्षात राहील. आणि पैशांचं बोलणं तिच्यासमोर करा. एवढी वर्षं तुम्ही पाठवलेला पगार तिनेच पुरवला आहे, महिनाअखेर कशी गाठायची हे तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं. गाडीचा हिशेब लिहायला तुम्हाला बाहेरचा माणूस लागणार नाही, हे तुमच्या आधी तिच्या लक्षात येईल.

रस्त्यावर असाल तेव्हा झोपेशी तडजोड करू नका. मोटर परिवहन कामगारांचा १९६१चा कायदा, जो २०२५पर्यंत लागू होता, दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा. मालक असे नियम पाळतोच असं नाही. कोणी "रात्रीत वाशी गाठ" म्हणाला आणि तुमचे डोळे जड झाले असतील तर गाडी बाजूला घ्या आणि त्याला तसं सांगा. दुसऱ्याच्या पदरी असताना हे सांगायला धीर लागतो, तो तुमच्याकडे आहे. गोव्याकडचा माल असेल तर कोकण रेल्वेच्या रो-रोचीही चौकशी करा : १९९९पासून कोलाडहून गोव्यात वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर जातात, ड्रायव्हर सोबत बसतो. वाघिणीवर गाडी चढवून बांधायची कशी हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

मेहुण्यांना आजच फोन करा. त्यांनी तुमच्या भल्यासाठीच गाडी बघितली आहे, तेव्हा टाळाटाळ करू नका, सरळ सांगा, "दाजी, यंदा नाही. मी आधी एक आंब्याचा हंगाम दुसऱ्याच्या गाडीवर काढतो." इसार दिला असेल तर किती दिला आणि परत मिळेल का, ते मला कळवा. आणि जूनमध्ये, पाऊस लागला की, ती वही घेऊन पुन्हा लिहा. फेऱ्यांचे आकडे पाठवलेत तर आपण तिघं मिळून बघू, तुम्ही, वहिनी आणि मी.